मर्सिडीज : बंदिवानांच्या आईचं नाव

पणजीला चिकटून मेरशी नावाचं गाव आहे. वसईच्या ख्रिस्ती वस्तीच्या पट्ट्यात मर्सेस नावाचं गाव आहे. आणि पुण्याजवळ चाकणला एका जर्मन मोटार कंपनीचा कारखाना आहे. या कंपनीच्या नावातला पहिला शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे : मर्सिडीज. ही तिन्ही नावं मुळात एकाच शब्दातून आली आहेत. मेरशी आणि मर्सेस पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे रुळली. तिसरं नाव स्पेनमधून निघालं आणि ऑस्ट्रिया, फ्रान्स, जर्मनी असा मोठा फेरा घेऊन इथे पोहोचलं. रस्त्यावरून गाडी गेली की श्रीमंती आठवते खरी, पण आठशे वर्षांपूर्वी या शब्दाभोवती जी माणसं गोळा झाली, त्यांच्यापुढे प्रश्न होता साखळदंडात अडकलेल्यांना सोडवायचं कसं, हा.

स्पेनमध्ये या नावाचं पूर्ण रूप ‘मारिया दे लास मेर्सेदेस’ असं आहे. ‘मेर्सेद’ म्हणजे कृपा, दया, उपकार. त्याचं अनेकवचन ‘मेर्सेदेस’. त्यामुळे नावाचा सरळ अर्थ होतो ‘अनेक कृपांची मरिया’. येशूच्या आईचं हे एक बिरुद आहे. रोजच्या वापरात ‘मारिया’ गळतं आणि उरतं ते बिरुदच. घरात तर तेही आणखी आटतं. स्पेनमधली मेर्सेदेस घरच्यांसाठी ‘मेर्चे’ होते, मेक्सिकोतली ‘मेचे’ होते. बार्सिलोना ज्या कातालोनिया प्रांतात आहे, तिथल्या कातालान भाषेत मूळ नावच आटोपशीर आहे : ‘मेर्से’.

बिरुदावरून मुलीचं नाव ठेवण्याची ही रीत स्पॅनिश आणि पोर्तुगीज कॅथलिक समाजात फार खोल रुजलेली आहे. मध्ययुगात ‘मरिया’ हे नाव इतकं पवित्र मानलं जाई की, सामान्य घरातल्या मुलीला ते सरळ ठेवायला लोक कचरत. मग भक्तीची वाट बिरुदांतून निघाली. पुढे ‘मारिया’ नाव सर्रास झालं, घरोघरी मारिया दिसू लागल्या, तेव्हा एकीला दुसरीपासून वेगळं ओळखायला हीच बिरुदं कामाला आली. आपल्याकडे एकाच देवीची भवानी, रेणुका, अंबाबाई अशी नावं मुलींना ठेवतात, तसंच काहीसं हे आहे.

ही यादी मोठी देखणी आहे. दोलोरेस म्हणजे दुःखं, पुत्राच्या यातना पाहणाऱ्या आईची. पिलार म्हणजे खांब. येशूचा शिष्य याकोब याला झारागोझा गावी मरियेनं खांबावर दर्शन दिलं, अशी श्रद्धा आहे, त्यावरून हे नाव आलं. कार्मेन हे कार्मेल पर्वताच्या मरियेवरून, रोसारियो जपमाळेवरून, कोन्सुएलो सांत्वनावरून, सोलेदाद पुत्रवियोगातल्या एकाकीपणावरून. निएवेस म्हणजे बर्फ. रोममध्ये ऐन ऑगस्टात बर्फ पडून मरियेनं आपल्या मंदिराची जागा दाखवली, ही त्यामागची आख्यायिका. यातले रोसारियो, कोन्सुएलो, पिलार हे शब्द स्पॅनिश व्याकरणात चक्क पुल्लिंगी आहेत, तरी ती बायकांची नावं आहेत. नाव ठेवताना व्याकरणापेक्षा भक्तीचा मान मोठा ठरला.

‘मेर्सेद’ या शब्दाचं मूळ मात्र देवळात सापडत नाही, ते बाजारात सापडतं. लॅटिनमधल्या ‘मेर्सेस’ या शब्दाचा अर्थ होता मजुरी, मोबदला, कामाचा दाम. माल या अर्थाच्या ‘मेर्क्स’ शब्दाशी त्याचं नातं आहे. ख्रिस्ती लेखकांनी तो उचलला आणि सत्कर्माचं देवाकडून मिळणारं फळ, या अर्थानं वापरायला सुरुवात केली. त्यातून हळूहळू ‘न मागता, न कमावता मिळालेली कृपा’ हा अर्थ आला. इंग्रजीतला ‘मर्सी’ आणि फ्रेंच माणूस उठता-बसता म्हणतो तो ‘मेर्सी’, म्हणजे आभार, ही याच कुळातली भावंडं.

स्पॅनिशमध्ये हा शब्द राजदरबारातही शिरला. राजानं खूश होऊन दिलेली जमीन म्हणजे ‘मेर्सेद’, आपल्या भाषेत इनाम. मोठ्या माणसाला ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’ असं संबोधत. बोलता बोलता ते झिजलं आणि आजचं ‘उस्तेद’ झालं, स्पॅनिशमधलं आदरार्थी ‘आपण’. पोर्तुगीजमध्ये याच घडणीच्या ‘वोसा मेर्से’चं ‘व्होसे’ झालं. म्हणजे एखादा स्पॅनिश दुकानदार गिऱ्हाईकाला ‘आपण’ म्हणतो, तेव्हा त्याच्याही नकळत तो मर्सिडीजचाच एक तुकडा उच्चारत असतो.

पण एक शब्द म्हणून ‘मेर्सेद’ कितीही जुना असला, तरी मुलीचं नाव म्हणून तो उभा राहिला तो १२१८ सालच्या एका घटनेमुळे.

तेराव्या शतकातला भूमध्य समुद्र व्यापाराचा होता, तसाच माणसं पळवण्याचाही होता. स्पेनच्या दक्षिणेत मुस्लिम राज्यं होती, उत्तरेत ख्रिस्ती. दोन्हीकडची गलबतं एकमेकांवर छापे घालत, किनाऱ्यावरच्या गावांतून माणसं उचलून नेत. मच्छीमार, खलाशी, शेतकरी, बायका, मुलं, कुणीही पकडलं जाई. पैसेवाल्याचे नातेवाईक खंडणी भरून त्याला सोडवत. गरिबाला मात्र कुणी वाली नव्हता. वल्ही मारत, खाणीत राबत किंवा बाजारात विकला जाऊन तो परमुलखातच संपे.

बार्सिलोनात पेरे नोलास्क नावाचा माणूस होता. इतिहासात तो पेद्रो नोलास्को या नावानं ओळखला जातो. परंपरा सांगते की तो व्यापारी होता, समुद्रापलीकडच्या बाजारांत त्याची ये-जा होती, आणि तिथे विकली जाणारी माणसं त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. त्यानं आपला पैसा त्यांना सोडवण्यात घालायला सुरुवात केली. श्रद्धाळूंच्या सांगण्यानुसार १२१८ च्या ऑगस्टच्या पहिल्या रात्री मरियेनं त्याला दर्शन दिलं आणि या कामासाठी संघ उभारायला सांगितलं. १० ऑगस्ट १२१८ रोजी बार्सिलोनाच्या मुख्य चर्चमध्ये अरागोनचा राजा पहिला जाउमे याच्या साक्षीनं हा संघ स्थापन झाला. राजाचं वय तेव्हा अवघं दहा वर्षांचं होतं. संघाचं नाव कृपेच्या मातेवरून पडलं. १२३५ साली पोप नववे ग्रेगरी यांनी त्याला मान्यता दिली. संघाचे सभासद ‘मर्सिडेरियन’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

कॅथलिक व्रतस्थ तीन व्रतं घेतात : ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन. मर्सिडेरियनांनी त्यात चौथं व्रत घातलं. पैसा अपुरा पडला आणि कैदी धर्म सोडून देण्याच्या काठावर असला, तर त्याच्या जागी आपण स्वतः ओलीस राहायचं. कागदावर हे एक वाक्य आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ होता, दुसऱ्याच्या पायातली बेडी आपल्या पायात चढवून घेणं.

त्यांचं काम कसं चाले, तेही समजून घेण्यासारखं आहे. आधी गावोगाव फिरून भिक्षा गोळा करायची, कैद्यांच्या नातेवाइकांनी जमवलेली रक्कम ताब्यात घ्यायची. मग समुद्रापलीकडच्या सत्तेकडून प्रवासाचा परवाना मिळवायचा आणि पैसे, कापडचोपड घेऊन जहाजानं अल्जीयर्स, ट्युनिस किंवा तेतुआनला जायचं. तिथे एकेका कैद्यासाठी मालकाशी घासाघीस. वय, धंदा, घरची ऐपत पाहून भाव ठरे. सरदार किंवा जहाजाचा कप्तान सोडवायला प्रचंड रक्कम लागे, साध्या खलाशाला कमी. सुटलेल्यांना घेऊन परत आलं की गावात मिरवणूक निघे. ही मिरवणूक जशी आभाराची, तशीच पुढच्या फेरीसाठी दान मागण्याचीही असे. दाम मोजणं आणि दया करणं, या शब्दाच्या पोटातले दोन्ही अर्थ इथे एकाच कामात येऊन मिळाले.

मरियेची या रूपातली मूर्ती ओळखायला सोपी आहे. तिच्या अंगावर मर्सिडेरियनांचा पांढरा झगा असतो, छातीवर अरागोनच्या राजचिन्हाची लाल-पिवळ्या पट्ट्यांची छोटी ढाल असते, आणि हातात पुष्कळदा तुटलेल्या बेड्या असतात. काही चित्रांत तिनं आपला रुंद अंगरखा पसरलेला असतो आणि त्याखाली कैदी आसऱ्याला आलेले दिसतात.

या व्रताची किंमत काय होती, हे एका चित्रात स्पष्ट दिसतं. फ्रान्सिस्को दे सुर्बारान यानं १६२८ साली सेव्हिलमधल्या मर्सिडेरियन मठासाठी संत सेरापियो रंगवला. सेरापियो १२४० च्या सुमारास हाल होऊन मेला. चित्रात रक्ताचा एक थेंबही नाही. दोन्ही हात वर दोरांनी बांधलेले, मान उजव्या खांद्यावर कललेली, आणि जवळजवळ सगळा कॅनव्हास व्यापून टाकणारा पांढरा झगा. त्याच्या जाड घड्या इतक्या सावकाश, इतक्या काळजीनं रंगवल्या आहेत की, कापडाचं वजन पाहणाऱ्याला जाणवतं. त्या पांढऱ्यावर रंग फक्त एका ठिकाणी आहे, छातीवरच्या लाल-पिवळ्या ढालीत. बाजूला टाचलेल्या कागदाच्या चिटोऱ्यावर त्याचं नाव आहे. मठात एखादा संन्यासी वारला की दफनाआधी त्याचं शव ज्या खोलीत ठेवत, त्या खोलीसाठी हे चित्र काढलेलं होतं. आज ते अमेरिकेत हार्टफर्डच्या संग्रहालयात आहे, आणि सेव्हिलच्या त्या मठाच्या इमारतीत शहराचं कलासंग्रहालय आहे.

याच संघाचा आणखी एक संत म्हणजे रामोन नोनात. आई वारल्यावर तिचं पोट चिरून त्याला बाहेर काढलं, म्हणून तो ‘नोनात’, म्हणजे न जन्मलेला. गरोदर बायका आणि सुइणी आजही त्याचा धावा करतात. ओलीस असताना तो उपदेश थांबवेना, म्हणून त्याच्या ओठांना कुलूप ठोकलं, अशी कथा सांगतात. त्यामुळे त्याच्या मूर्तीत कुलूप हमखास असतं.

साहित्याच्या इतिहासालाही या खंडणीच्या कामाचं देणं आहे. ‘दोन किहोते’ लिहिणारा सर्व्हांतेस आणि त्याचा भाऊ रोद्रिगो १५७५ साली जहाजावर पकडले जाऊन अल्जीयर्सला कैदेत पडले. घरच्यांनी जमवलेला पैसा दोघांना पुरणारा नव्हता. १५७७ साली मर्सिडेरियन तिथे पोहोचले, तेव्हा रोद्रिगो सुटला. सर्व्हांतेस मागे राहिला. पळून जाण्याचे त्याचे प्रयत्न फसत गेले. अखेर १५८० मध्ये, त्याला कॉन्स्टँटिनोपलला न्यायच्या तयारीत असताना, त्रिनितारियन संघाच्या संन्याशांनी पाचशे एस्कुदो मोजून त्याला सोडवलं. हा दुसरा संघही याच कामासाठी ११९८ मध्ये स्थापन झालेला. ‘दोन किहोते’चा पहिला भाग १६०५ साली आला. दोन हुआन या पात्राला पहिल्यांदा रंगभूमीवर आणणारा नाटककार तिर्सो दे मोलिना हा तर स्वतःच मर्सिडेरियन होता. खरं नाव गाब्रिएल तेयेस. आपल्या संघाचा इतिहासही त्यानं लिहिला.

या कथेची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. माणसं पकडण्यात ख्रिस्ती राज्यं मागे नव्हती. बार्सिलोना, व्हालेन्सिया, जेनोवाच्या बाजारांत मुस्लिम गुलाम विकले जात होते आणि त्यांना सोडवायला हा संघ नव्हता. पुढे अमेरिका खंडात स्पॅनिश फौजा उतरल्या, तेव्हा हर्नान कोर्तेसच्या मोहिमेबरोबर बार्तोलोमे दे ओल्मेदो हा मर्सिडेरियन धर्मगुरू होता. ज्या भूमीत लाखो लोक गुलामीत ढकलले गेले, त्या भूमीत बंदिवानांच्या आईचं नाव गावांना, नद्यांना, मुलींना देण्यात आलं.

तरी ते नाव तिथे रुजलं, आणि ज्यांच्यावर लादलं गेलं त्यांनी ते आपल्या अर्थानं उचललं. क्युबात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या योरुबा लोकांनी आपला पांढऱ्या वस्त्रांचा देव ओबाताला या पांढऱ्या झग्यातल्या मरियेत पाहिला. सान्तेरिया पंथात आजही दोघांची पूजा एकत्र होते. अर्जेंटिनात २४ सप्टेंबर १८१२ रोजी, नेमक्या कृपेच्या मातेच्या सणाच्या दिवशी, मान्युएल बेल्ग्रानोनं तुकुमानच्या लढाईत स्पॅनिश फौजेचा पराभव केला. त्यानं आपला सेनापतीचा दंड मूर्तीच्या हाती दिला आणि तिलाच सेनापती म्हणून जाहीर केलं. स्पेननं आणलेली माता स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात अग्रभागी उभी राहिली. डॉमिनिकन प्रजासत्ताकात २४ सप्टेंबरला आजही सार्वजनिक सुट्टी असते. कॅलिफोर्नियात गाब्रिएल मोरागाची तुकडी सप्टेंबर १८०६ मध्ये एका नदीकाठी पोहोचली, सण नुकताच होऊन गेला होता, म्हणून त्या नदीला नाव मिळालं मर्सेद. योसेमिटीच्या दरीतून वाहते ती हीच नदी.

२४ सप्टेंबर ही या नावाची तिथी. १६९६ साली हा सण सगळ्या कॅथलिक जगासाठी लागू झाला. स्पेनमध्ये वाढदिवसाइतकाच नामदिवस महत्त्वाचा मानण्याची जुनी पद्धत आहे, त्यामुळे या दिवशी सगळ्या मेर्सेदेसना शुभेच्छा जातात. बार्सिलोनात तर अख्खं शहरच रस्त्यावर येतं. १६८७ साली टोळधाडीनं मुलूख हैराण झाला, तेव्हा नगरपालांनी मेर्सेला साकडं घातलं आणि तिला शहराची आश्रयदात्री मानलं. १८६८ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. आजच्या ‘ला मेर्से’ उत्सवात माणसांवर माणसं चढवून मनोरे रचतात, उंचच उंच राजाराणीचे पुतळे नाचवतात, आणि रात्री सैतानांची सोंगं घेतलेले लोक फुलबाज्यांच्या ठिणग्या उडवत गल्ल्यांतून धावतात.

मात्र याच शहरात ‘मेर्से’ हे नाव सरकारी कागदावर लिहिण्यावर कित्येक वर्षं बंदी होती. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत जन्मनोंदणी स्पॅनिशमधूनच करावी लागे. घरात मेर्से म्हणून वाढलेली मुलगी सरकारी दप्तरात मेर्सेदेस व्हायची. फ्रँकोच्या मृत्यूनंतर, १९७७ साली कायदा बदलला आणि कातालान नावं पुन्हा नोंदवता येऊ लागली. कातालान साहित्यातली थोर कादंबरीकार मेर्से रोदोरेदा हिची सर्वांत गाजलेली कादंबरी १९६२ मध्ये आली, ती याच दडपणाच्या काळात.

या नावाच्या बायकांची चरित्रं वाचली तर नाव किती वेगवेगळ्या घरांत नांदलं ते कळतं. स्पेनचा राजा बारावा अल्फोन्सो यानं जानेवारी १८७८ मध्ये आपल्या मारिया दे लास मेर्सेदेस या मावसबहिणीशी प्रेमविवाह केला. पाच महिन्यांत, वयाची अठरा वर्षं पुरी होऊन दोनच दिवस झाले असताना, ती वारली. राजाला दुसऱ्या राणीपासून पहिली मुलगी झाली, तिचं नाव पुन्हा मारिया दे लास मेर्सेदेसच ठेवलं गेलं. अलेक्सान्द्र द्युमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या कादंबरीत मार्सेयच्या कातालान वस्तीतली नायिका मेर्सेदेस आहे, आणि तिचा प्रियकर निरपराध असून तुरुंगात खितपत पडतो. बंदिवानाची वाट पाहणाऱ्या बाईला याहून नेमकं नाव सापडलं नसतं.

बेल्ग्रानोनं जिथे लढाई जिंकली त्या तुकुमानमध्येच १९३५ साली मेर्सेदेस सोसा जन्मली. लॅटिन अमेरिकेतल्या गोरगरिबांचा आवाज म्हणून जगानं तिला ओळखलं. १९७९ मध्ये लष्करी राजवटीनं तिला ला प्लाताच्या कार्यक्रमात रंगमंचावरच अटक केली. तिला देश सोडावा लागला, ती १९८२ मध्ये परतली. कोलंबियाची मेर्सेदेस बार्चा ही कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केसची पत्नी. त्याच्या ‘शंभर वर्षांचा एकांत’चं हस्तलिखित १९६६ मध्ये मेक्सिकोहून अर्जेंटिनाला पाठवताना टपालाचे पैसे पुरेनात. अर्धंच हस्तलिखित गेलं, आणि उरलेलं पाठवण्यासाठी तिनं घरातली उपकरणं गहाण टाकली.

आता त्या गाडीकडे. एमिल येलिनेक हा ऑस्ट्रियन व्यापारी होता. त्याचे वडील आडोल्फ येलिनेक हे व्हिएन्नातले नामांकित ज्यू धर्मगुरू. एमिलनं तरुणपणी मोरोक्कोत, तांजिये आणि तेतुआन इथे, वकिलातीत काम केलं होतं. तेतुआन म्हणजे जिथे मर्सिडेरियन कैदी सोडवायला जात, तेच शहर. त्याची बायको राशेल ही सेफार्दी, म्हणजे स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या परंपरेतली. १६ सप्टेंबर १८८९ रोजी व्हिएन्नात त्यांना मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं मेर्सेदेस. ज्यू धर्मगुरूची नात आणि मरियामातेचं बिरुद, असं हे जुळून आलं.

एमिलला हे नाव फार लाभतं, असं वाटे. नीसमधल्या आपल्या घराला त्यानं ते दिलं. १८९९ साली मोटारींच्या शर्यतीत तो ‘मस्यो मेर्सेदेस’ या टोपणनावानं उतरला. १९०० मध्ये त्यानं डाइमलर कंपनीला ३६ गाड्यांची मागणी दिली, साडेपाच लाख सुवर्ण मार्कांची. अट अशी की, नव्या इंजिनाला मुलीचं नाव लागलं पाहिजे. विल्हेल्म मायबाखनं आखलेली ३५ अश्वशक्तीची ती गाडी १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत सगळ्यांच्या पुढे निघाली. १९०२ मध्ये नाव नोंदलं गेलं, १९०३ मध्ये बापानंच परवानगी घेऊन आपलं आडनाव ‘येलिनेक-मेर्सेदेस’ करून घेतलं. १९२६ मध्ये डाइमलर आणि बेंझ एकत्र आल्या आणि आजचं जोडनाव तयार झालं. जिच्या नावानं हे घडलं ती मुलगी १९२९ मध्ये, चाळिशी गाठण्याआधीच, व्हिएन्नात कर्करोगानं वारली. कंपनी १९९४ मध्ये पुण्यात आली, चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला.

पुण्यात हे नाव जर्मन यंत्रावर बसून आलं, गोवा आणि वसईत मात्र ते त्याच्या किती तरी आधीपासून भक्तीतून नांदत होतं. पोर्तुगीज मेर्सेदेसला ‘मेर्सेस’ म्हणतात, आणि शेवटचा ‘स’ ते ‘श’सारखा उच्चारतात. ‘नोस्सा सेन्योरा दास मेर्सेस’, म्हणजे कृपेच्या मातेचं चर्च जिथे झालं, ते गाव मेर्सेस झालं. गोव्यातल्या मेरशीत तो पोर्तुगीज ‘श’ अजून ऐकू येतो, वसईत तो मराठी ‘स’ होऊन बसला. गोव्यात कोलव्याचं प्रसिद्ध चर्चही याच मातेचं आहे. ऑक्टोबरमध्ये तिथे बाळ येशूच्या मूर्तीचं फामा फेस्त भरतं, त्याला मोठी गर्दी लोटते, पण त्या चर्चची मूळ धनीण मेर्सेसची सायबीण, म्हणजे कृपेची माता आहे, हे भाविकांपैकी अनेकांच्या लक्षात राहत नाही.

गोव्याच्या कॅथलिक घरांत अशी बिरुदनावं ओळीनं सापडतात. पिएदाद म्हणजे मृत पुत्राला मांडीवर घेतलेल्या मातेची करुणा. कोन्सेसांव म्हणजे निष्कलंक गर्भसंभव. मिलाग्रीस म्हणजे चमत्कार. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला गोव्यातले हिंदू मिराबाय म्हणून ओळखतात आणि शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात. तिच्या फेस्ताला दोन्ही धर्मांचे लोक तेल, फुलं घेऊन येतात. ही रीत पुढेही वाढतच राहिली. १८५८ मध्ये फ्रान्समध्ये लुर्द इथे मरियेचं दर्शन झाल्याची श्रद्धा पसरली आणि लुर्डीस हे मुलीचं नाव झालं. १९१७ मध्ये पोर्तुगालमधल्या फातिमा गावी तसंच घडलं आणि फातिमा हे मुळातलं अरबी नाव कॅथलिक मुलींना बाप्तिस्म्यात मिळू लागलं.

मर्सिडेरियन संघाला २०१८ मध्ये आठशे वर्षं झाली. खंडणीच्या फेऱ्या केव्हाच थांबल्या. आता त्यांचं काम तुरुंगांत, निर्वासितांमध्ये, माणसांच्या चोरट्या व्यापारात सापडलेल्या बायका-मुलांमध्ये चालतं. स्पेनमध्ये कृपेची माता ही तुरुंगांची आश्रयदात्री आहे, आणि २४ सप्टेंबरला तिथले तुरुंगही सण साजरा करतात. या नावाला आठ शतकं तगवलं ते या कामानं. मोटारीनं त्याला प्रसिद्धी दिली, पण त्याचा अर्थ घडवला तो दुसऱ्याच्या सुटकेसाठी झोळी घेऊन फिरणाऱ्या माणसांनी.

गोवा, वसई, मुंबईतल्या कॅथलिक घरांत अजून अशा आज्या आहेत, ज्यांचं घरगुती नाव दोन अक्षरी आहे आणि बाप्तिस्म्याच्या वहीतलं नाव मरियेच्या एखाद्या पूर्ण बिरुदाचं आहे. नव्या पिढीच्या नावांतून ही बिरुदं झपाट्यानं कमी होत आहेत. घरातल्या अशा आजीला तिचं पूर्ण नाव विचारावं, ते कुठल्या मातेवरून, कुणाच्या नवसावरून ठेवलं हे तिच्याकडून ऐकावं आणि लिहून ठेवावं. चर्चच्या वहीत नाव मिळेल, त्यामागची हकिगत मात्र आजीच सांगू शकते.